आपल्याला हरवणारा लेखक हरवतो तेव्हा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. तुमचं सदर नेमाने वाचतो, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितोय. एकवीस वर्षं मी एका लेखिकेच्या रहस्यकादंबऱ्या वाचत आलोय. एकच मालिका, एकच तपास अधिकारी, आतापर्यंत बावीस पुस्तकं. पहिली दहा-बारा तर मी तीन-तीनदा वाचलीत. वडील दवाखान्यात होते तेव्हा त्यांच्या उशाशी जागताना सातवं आणि आठवं वाचलं. त्या रात्री या पुस्तकांनी मला धरून ठेवलं होतं. नवं पुस्तक येणार असलं की मी आधीच रजा टाकून ठेवायचो.

गेल्या पाच पुस्तकांत मात्र काहीतरी बिनसलंय. निम्मं पुस्तक त्या अधिकाऱ्याचा घटस्फोट, त्याची मुलगी आणि त्याचा दुखरा गुडघा यांतच जातं. खून शंभराव्या पानानंतर होतो. खुनी समोर आला की 'हा कोण?' म्हणून मागची पानं चाळावी लागतात. दर वेळी ठरवतो, आता बास. आणि पुढचं आलं की घेतोच. आता तेविसावं आलंय. पंधरा दिवस झाले, टेबलावर तसंच पडून आहे. उघडायचं नाही असं ठरवलं तर कृतघ्नपणा केल्यासारखं वाटतं, उघडायला गेलो तर हात मागे येतो. बायको म्हणते, नको वाचू, त्यात काय एवढं! काय एवढं, ते मला सांगता येत नाही. तुम्ही सांगाल?

उत्तर : तुमचं पत्र आल्याला आठ दिवस झाले. या आठ दिवसांत मी माझी एक जुनी वही शोधून काढली. तुम्हाला नेमकं उत्तर द्यायचं तर ते त्या वहीतच आहे.

मी एकतीस वर्षं ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर बसले. तिथे बसणाऱ्याला रहस्यकथांच्या वाचकांची एक सवय ठाऊक असते. इतर पुस्तकांत लोक ओळी अधोरेखित करतात, समासात शेरे मारतात. रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर मात्र कोपऱ्यात पेन्सिलीच्या बारीक खुणा सापडतात. कुणाची फुली, कुणाची चांदणी, कुणाचं आद्याक्षर. ज्याने एका लेखकाची चाळीस पुस्तकं वाचलीत त्याला नुसत्या नावावरून आठवत नाही, की हे वाचून झालंय का. म्हणून ही स्वतःपुरती खूण.

एका काकांची खूण होती छोटा त्रिकोण. एका लेखकाच्या पंधरा पुस्तकांत तो त्रिकोण होता. सोळावं त्यांनी नेलं आणि परत आणलं, पण त्यात त्रिकोण नव्हता. मी सहज विचारलं, तर म्हणाले, "अर्धंच वाचलं. खूण पूर्ण वाचलेल्यालाच." त्यानंतर बरीच वर्षं ते येत राहिले. त्या कपाटापाशी आले की त्या पंधरा पुस्तकांच्या पाठींवरून एकदा हात फिरवायचे आणि दुसऱ्याच कुणाचं पुस्तक घेऊन जायचे. तुमचं पत्र वाचताना पहिल्यांदा तो हात आठवला. तुमच्या बायकोला सांगता येत नाही असं जे काही तुम्ही म्हणताय, ते त्या हात फिरवण्यात होतं.

आता वहीबद्दल. एलरी क्वीन या टोपणनावाने दोन चुलतभाऊ मिळून रहस्यकादंबऱ्या लिहायचे. १९२९ साली त्यांची पहिली कादंबरी आली. शेवटाच्या थोडं आधी त्यांनी गोष्ट थांबवली आणि वाचकाला थेट आव्हान दिलं : खुनी ओळखायला जे जे लागतं ते सगळं आता तुमच्यासमोर आलेलं आहे, ओळखून दाखवा. पुढच्या काही कादंबऱ्यांतही त्यांनी ही पद्धत ठेवली. मला ती इतकी आवडली की कुठल्याही लेखकाचं पुस्तक असलं तरी शेवटची दोन प्रकरणं उरली की मी थांबायला लागले. वही उघडायची, 'माझा संशयित' या रकान्यात नाव लिहायचं, खाली तीन कारणं. मग पुस्तक पुरं करायचं आणि शेवटच्या रकान्यात लिहायचं, की बरोबर की चूक, आणि जो पुरावा माझ्या नजरेतून सुटला तो कुठल्या पानावर होता.

तुमच्यासारखाच माझाही एक लेखक होता. त्यांचं नाव लिहीत नाही. ते अजून लिहितात आणि त्यांना प्रेमाने वाचणारे लोक आहेत. त्यांच्या पहिल्या सोळा पुस्तकांच्या नोंदी मी परवा पुन्हा वाचल्या. सोळांपैकी बारा वेळा मी चुकले. आणि त्या बाराही नोंदींमध्ये शेवटच्या रकान्यात पान क्रमांक आहे. एके ठिकाणी मी लिहिलंय : 'पान ६३. रात्री पाऊस झाल्याचा उल्लेख होता. मी तो नुसतं हवामान म्हणून वाचला.' त्याखाली दोन रेघा मारल्यात. त्या रेघा मारतानाचा आनंद मला अजून आठवतो. पुरावा माझ्यासमोर ठेवलेला होता, उजेडात होता, आणि तरी मला दिसला नव्हता.

रहस्यकथा वाचणाऱ्याला हरायचं असतं. जिंकायला तो बसलेलाच नसतो. जिंकला तर थोडा हिरमुसतोच, 'हे मला आधीच कळलं होतं' असं म्हणताना त्याच्या आवाजात तक्रार असते. पण त्याला डाव नीट खेळून हरायचं असतं, सगळे पत्ते टेबलावर असताना. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका कॅथलिक धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, १९२९ सालीच या खेळाचे दहा नियम लिहून काढले होते. त्यांतला पहिला असा, की गुन्हेगाराचा उल्लेख गोष्टीच्या सुरुवातीच्या भागात आलाच पाहिजे. आठवा असा, की गुप्तहेराच्या हाती लागलेला दुवा लगेच वाचकालाही दाखवला पाहिजे. काही नियम काळाबरोबर मागे पडले, काही खुद्द मोठ्या लेखकांनी मोडले. हे दोन मात्र मला आजही रहस्यकथेच्या पाठीचा कणा वाटतात. तुम्ही लिहिलंत ना, की खुनी कळल्यावर 'हा कोण?' म्हणून मागची पानं चाळावी लागतात? तिथे पहिला नियम मोडलाय, आणि तो मोडल्याचं तुमच्या बोटांना तुमच्या आधी कळलंय.

माझ्या वहीत सतराव्या पुस्तकापासून शेवटचा रकाना रिकामा आहे. मी चूक होतेच, पण पुरावा कुठल्या पानावर होता हे लिहायला पानच नव्हतं. एकोणिसाव्याची नोंद अशी : 'खुनी पहिल्यांदा पान २८४ वर येतो. पुस्तक ३१० पानांचं.' तरी मी वाचत राहिले. विसाव्या पुस्तकापाशी 'माझा संशयित' हा रकानाही रिकामा आहे. म्हणजे मी थांबलेच नव्हते. अंदाज करावा असं वाटलंच नाही, सरळ शेवटापर्यंत पानं उलटली. वाचणं खरं तर तिथेच संपलं होतं. मला ते कळायला आणखी दोन पुस्तकं लागली. बाविसाव्यानंतर मी थांबले.

एवढ्या पुराव्यानंतरही तुम्ही लगेच निकाल द्यावा असं मी म्हणणार नाही. एक शक्यता तपासायची राहते. बिघाड लेखिकेत आहे की तुमच्यात? एकवीस वर्षं एकाच व्यक्तीचं लेखन वाचलं की तिचा हात ओळखू येतो. कुणाला ती फार सभ्य रंगवते, कुणाचं आडनाव दोनदा सांगते, खोलीतल्या वस्तूंची यादी देताना खरी वस्तू नेमकी कितव्या क्रमांकाला टाकते. असा वाचक जादूगाराच्या मागे उभा राहून खेळ बघत असतो. त्याला खेळ फसल्यासारखा वाटतो, पण समोर बसलेल्यांना तो अजून भुलवतच असतो. हा दोष लेखकाचा म्हणता येत नाही.

हे तपासायची एक सोपी रीत आहे. तुम्ही ज्या पुस्तकांची पारायणं केलीत ती सोडा. त्या मालिकेतलं मधलं कुठलंतरी, एकदाच वाचलेलं आणि आता नीटसं न आठवणारं पुस्तक घ्या. शेवटची दोन प्रकरणं उरली की थांबा आणि नाव लिहा. मग शेवट वाचा, आणि पुरावे कुठे होते ते मागे जाऊन शोधा. ते सापडले, आणि सापडताना पूर्वीसारखं अंगावर रोमांच आले, तर तुमची भूक शाबूत आहे, ताटातच काही उरलेलं नाही. पण ते जुनं पुस्तकही तुम्हाला साठाव्या पानावर उलगडलं, तर मात्र तिच्यावर रागावू नका. तुम्ही तिच्याकडून शिकायचं होतं तेवढं शिकलात. मी माझ्या लेखकाचं नववं पुस्तक असं पुन्हा वाचलं. पुन्हा हरले. त्याच माळ्यावर संशय घेतला ज्याच्यावर अकरा वर्षांपूर्वी घेतला होता. तेव्हा मला माझं उत्तर मिळालं.

लेखक का उतरतो, याला माझ्याकडे एकच कारण नाही. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन रहस्यकथाकाराला शंका होती, की एका लेखकात सहाहून जास्त चांगल्या रहस्यकादंबऱ्या असतील का. आणि स्वतः त्याने लिहिल्या बारा. दुसऱ्या टोकाला आपले बाबूराव अर्नाळकर, ज्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि वाचकांच्या पिढ्या त्यांवर पोसल्या. त्यामुळे आकड्याचा नियम काढता येत नाही. काही लेखक आपल्याच नायकाला कंटाळतात. आर्थर कॉनन डॉईलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारून टाकलं, दुसरं काही लिहायचं होतं म्हणून. दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याला परत आणावं लागलं. परत आलेला होम्स पहिल्यासारखा राहिला नाही असं मानणारे वाचक मला देवघेवीच्या टेबलावर भेटलेत. त्यांच्याशी मी सहमत नाही, पण त्यांना काय म्हणायचंय ते मला समजतं.

आणि काही वेळा कारण फार दुःखद असतं. २००९ साली टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी अगाथा ख्रिस्तीच्या निरनिराळ्या वयातल्या कादंबऱ्या घेऊन त्यांतले शब्द मोजले. अखेरच्या कादंबऱ्यांमध्ये तिचा शब्दसंग्रह आकसलेला दिसला, तेच ते शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा आलेले, 'काहीतरी', 'कुठलीतरी गोष्ट' अशा मोघम शब्दांचं प्रमाण वाढलेलं. यावरून त्यांनी स्मृतिभ्रंशाची शंका मांडली. ती शब्दांवरून काढलेली शंका आहे, वैद्याने केलेलं निदान नव्हे. पण १९७२ साली आलेली तिची कादंबरी मी तरुणपणी चिडून बाजूला टाकली होती. पात्रं एकमेकांना तेच तेच सांगतात, तारखा जुळत नाहीत, म्हणून. या संशोधनाबद्दल वाचल्यावर मी ती पुन्हा काढली. तिच्यात म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करत फिरणं हाच तपास आहे. त्या वेळी ख्रिस्ती ब्याऐंशीच्या घरात होती. मी ते पुस्तक या वेळी शेवटपर्यंत वाचलं आणि मला रडू आलं.

हे तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही तेविसावं उघडावं म्हणून नाही. त्या लेखिकेबद्दल माया वाटणं आणि तिचं पुढचं प्रत्येक पुस्तक वाचणं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. कृतघ्नपणाचा तुमचा मुद्दा मला इथेच पटत नाही. दवाखान्यातल्या त्या रात्रींचं ऋण सातव्या आणि आठव्या पुस्तकाचं आहे. ते फेडायचं असेल तर सातवं आणि आठवं कुणाच्या तरी हातात ठेवा, जो आज तसा जागतोय. तेविसावं ओढूनताणून वाचून ते फिटत नाही. उलट एक नुकसान होतं, आणि ते मी भोगलंय. वाईट पुस्तकं वाचत राहिलं की त्यांची चव मागच्या चांगल्या पुस्तकांना लागते. बाविसावं वाचून झाल्यावर मी तिसरं उघडलं, तर त्यातल्या त्या तरतरीत तरुण अधिकाऱ्याच्या तोंडी मला विसाव्या पुस्तकातली रटाळ वाक्यं ऐकू यायला लागली. ती चव जायला दोन वर्षं लागली.

त्या अधिकाऱ्याच्या घटस्फोटाबद्दल आणि गुडघ्याबद्दल थोडं बोलायला हवं. कारण मालिका बिघडली की बहुतेक वाचक 'फार घरगुती झालीय' असं म्हणतात, आणि दोष घरावर जातो. स्वीडनमधल्या माय श्येवाल आणि पेर वालू या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. बेकचंही पोट बिघडलेलं असतं, त्याचाही संसार पुस्तकागणिक सुटत जातो. पण तो कामावरून घरी येतो तेव्हा ते प्रकरण त्याच्याबरोबर घरात येतं. जेवताना तो गप्प का आहे हे आपल्याला माहीत असतं, बायकोला माहीत नसतं. त्या दहा पुस्तकांत घर आणि तपास असे विणलेले आहेत की एक ओढलं तर दुसरं उसवेल. तुमच्या पुस्तकांत, तुमच्या वर्णनावरून, घर चालू असतं तेव्हा तपास बाहेर ओट्यावर बसून असतो. आणखी एक गोष्ट. त्या दोघांनी सुरुवातीलाच दहा पुस्तकं ठरवली होती, आणि दहाच लिहिली. सगळ्या लेखकांना हे जमत नाही, प्रकाशक थांबू देत नाहीत, वाचकही थांबू देत नाहीत. लेखक थांबला नाही तर ती दहाची रेघ वाचकाने स्वतः मारावी लागते.

म्हणून माझं म्हणणं असं. तुमच्यासाठी ही मालिका सतरा पुस्तकांची आहे असं ठरवा. सतरावं नीट संपतं का ते बघा. नसेल संपत तर सोळा धरा. ज्या पानावर तो अधिकारी तुम्हाला शेवटचा आवडला, तिथे त्याला सोडा. अठरा ते बावीस घरातून काढा, आणि न उघडलेलं तेविसावंही. फेकू नका. कुणाला तरी ती आवडतील, कुणाची तरी ती पहिली असतील. मी सोळा ठेवली, सहा देऊन टाकली. कपाटात ती जागा काही महिने डोळ्यांना खुपायची. मग तिथे दुसऱ्या एका लेखिकेची पुस्तकं आली. त्यांतल्या पहिल्या पाचही वेळी मी चुकले आहे, आणि पाचही पान क्रमांक वहीत आहेत.

राहता राहिली उत्सुकता. त्याच्या मुलीचं काय झालं, तो निवृत्त झाला का, गुडघ्याची शस्त्रक्रिया केली का. ही उत्सुकता खरी असते, ती दाबू नका. माझी एक जुनी सहकारी अजून माझ्या लेखकाचं प्रत्येक पुस्तक वाचते. नवं आलं की ती मला फोन करून तेवढंच सांगते : "त्याचं लग्न झालं गं," किंवा "यंदा त्याला बदली मिळाली." आम्ही पाच मिनिटं त्याच्याबद्दल बोलतो, गावातल्या ओळखीच्या माणसाबद्दल बोलावं तसं. खून कुणी केला हे ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

प्रश्न : अ‍ॅन पेरी या लेखिकेच्या व्हिक्टोरियन काळातल्या रहस्यकादंबऱ्या मला फार आवडायच्या. तिने स्वतः लहान वयात एका खुनात भाग घेतला होता हे मला अलीकडेच कळलं. तेव्हापासून पुस्तकाला हात लावावासा वाटत नाही. मैत्रीण म्हणते, लेखक वेगळा, पुस्तक वेगळं. मी चुकतेय का?

उत्तर : ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी हकीकत थोडक्यात. १९५४ साली न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये दोन शाळकरी मैत्रिणींनी त्यांच्यातल्या एकीच्या आईचा खून केला. दोघींना शिक्षा झाली आणि सुमारे पाच वर्षं त्या तुरुंगात होत्या. दोघींतली पंधरा वर्षांची ज्यूलिएट ह्यूम पुढे इंग्लंडला परतली, तिने नाव बदललं, आणि १९७९ मध्ये अ‍ॅन पेरी या नावाने तिची पहिली रहस्यकादंबरी आली. १९९४ मध्ये त्या खुनावर चित्रपट निघाला तेव्हा अ‍ॅन पेरी म्हणजेच ती मुलगी हे जगाला कळलं. त्यानंतरही ती लिहीत राहिली. २०२३ मध्ये ती वारली.

तुम्ही चुकत नाही, आणि तुमची मैत्रीणही चुकत नाही. 'लेखक वेगळा, पुस्तक वेगळं' हे मी एरवी मानते. कवीने कर्ज बुडवलं म्हणून कविता बुडत नाही. पण इथे पुस्तकाचा विषयच खून आहे, अपराध आणि त्याचं ओझं आहे. भिंत घालायला जागा राहत नाही.

मला हे कळलं तेव्हा तिचं एक पुस्तक माझ्या हातात अर्धं झालेलं होतं. मी ते पुरं केलं, नंतर आणखी एक वाचलं. तिने शिक्षा भोगली होती, आणि एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या कृत्यासाठी साठीच्या बाईला पुन्हा कठड्यात उभं करायचा अधिकार मला आहे असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. तरी मी थांबले. कारण माझ्या लक्षात आलं की मी गोष्टीतले पुरावे शोधायचं सोडून लेखिकेबद्दलचे पुरावे शोधतेय. पश्चात्तापाचं वाक्य आलं की मी पेन्सिल उचलायची. एखाद्या पात्राने आईबद्दल कडू बोललं की तिथे थबकायची. हे वाचणं नव्हतं, उलटतपासणी होती, आणि ती पुस्तकावर अन्याय करणारी होती. म्हणून मी ठेवून दिलं. तुमचा हात पुढे जात नसेल तर त्याला तसंच राहू द्या, कारण शोधून मैत्रिणीला पटवायची गरज नाही. पण ज्या पुस्तकांनी तुम्हाला आनंद दिला तो आनंद खोटा होता असं मागे जाऊन ठरवू नका. तो तुम्ही प्रामाणिकपणे घेतला होता.

प्रश्न : लेखक वारल्यावर दुसऱ्या कुणीतरी त्याच मालिकेत लिहिलेली पुस्तकं वाचावीत का? माझा मुलगा वाचतो, मला ते सहन होत नाही.

उत्तर : मुलाला वाचू द्या. अगाथा ख्रिस्तीच्या वारसांच्या परवानगीने सोफी हॅना ही लेखिका २०१४ पासून हर्क्यूल प्वारो या ख्रिस्तीच्या गुप्तहेराच्या नव्या कादंबऱ्या लिहिते आहे. ज्यांना प्वारोबरोबर आणखी एक संध्याकाळ हवी आहे त्यांनी ती का घेऊ नये? फक्त ती सोफी हॅनाची पुस्तकं म्हणून वाचावीत, ख्रिस्तीचं काय उरलंय ते त्यांत शोधू नये. खुद्द ख्रिस्तीने प्वारोची अखेर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवली होती, आणि ती १९७५ मध्ये छापून आली. तिच्यापुरतं तिने दार लावून घेतलं होतं.

तुमच्या मनाला जे सहन होत नाही ते दुसऱ्या एका घराला कळलं होतं. स्यू ग्राफ्टन या अमेरिकन लेखिकेने १९८२ पासून इंग्रजी वर्णमालेतलं एकेक अक्षर घेऊन रहस्यकादंबऱ्यांची मालिका लिहिली. २०१७ मध्ये वाय अक्षराची कादंबरी आली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती वारली. झेड लिहायची राहिली. ती दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायला तिचा विरोध होता, हे घरच्यांना माहीत होतं. तिच्या मुलीने वाचकांना कळवलं, की आमच्या कुटुंबापुरती वर्णमाला आता वायवर संपते.